पूजेतली पहार

"आज हत्यारांना हात लावायचा नाही," सासूबाईंनी सकाळीच बजावलं होतं. खंडेनवमी होती. नट-बोल्ट आवळायचे पाने, पहार, इतकंच काय, गाडीचं मागचं झाकण उचलून धरणारे नवे शॉकसुद्धा पाटावर पूजेला मांडले होते.

माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या, जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन मागे आहे. त्यावर त्यानं पंख असलेलं नवं झाकण बसवलेलं, चांगलंच जड. ते मॉपच्या दांड्यावर टेकवून तो इंजिनाला कुंकू लावायला खांद्यापर्यंत आत वाकला.

दांडा करकरला. मी दोन्ही हातांनी झाकण धरलं. "बाहेर ये!"

"बाही अडकलीय गं, थांब."

दांडा मोडला. सगळा भार माझ्या मनगटांवर आला. झाकणाची कड त्याच्या मानेकडे सरकत होती.

तेवढ्यात हळदीकुंकू लावलेली पहार माझ्या हातांशेजारी झाकणाखाली येऊन उभी राहिली. सासूबाईंनी ती घट्ट धरली होती.

शिरीष बाही फाडून बाहेर आला. सासूबाई तरीही पहार सोडेनात.

"बघतोस काय? पाने घे, आधी ते शॉक बसव. देवाची समजूत मी काढते."