चिंचांच्या वावरातला धूर

गाठ काही केल्या सुटेना. गोवर्धननं नखं लावली, दात लावले. वैशाखाचं ऊन माथ्यावर आलेलं, पायाखाली डोंगराच्या टोकावरचा तापलेला खडक, आणि हातात देवीच्या त्रिशूळाला बांधलेली जमुनाच्या लुगड्याची चिंधी. मूल व्हावं म्हणून नवराबायकोनं मिळून ती बांधली होती. चाल अशी, की बाईला सातवा महिना लागला की नवऱ्यानं डोंगर चढून गाठ आपल्या हातानं सोडायची. नाही सोडली तर बाई बाळंतपणात अडते.

सातवा महिना लागला तेव्हा कापूस घरात येत होता. सातासमुद्रापलीकडं गोऱ्यांची आपसात जुंपली आणि इकडं वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे तो भाव आला. गोवर्धनच्या बापानं, जानरावानं, ज्वारीचं वावरसुद्धा कापसाखाली घातलं. घर भरलं, गोठा भरला, उरलेल्या कापसाची गंजी वावरातल्या मांडवात रचली. आणखी चढू दे भाव, मग विकू, असं म्हणत बाप बसला आणि राखण करता करता लेक डोंगर विसरला. गरज सरो, वैद्य मरो. वैद्य निदान चार शिव्या तरी देतो; देवी काही बोलत नाही.

जमुना कालपासून अडली होती. पहाटे सुईण गंगूबाई पदरानं हात पुसत बाहेर आली.

"गाठ सोडली का रे?"

गोवर्धननं मान खाली घातली.

"मंग इथं काय करून राहिला? जाय!"

तो पायताण न घालताच निघाला. जानराव वेशीपर्यंत मागं आला. "जमुना मोकळी झाली का मी वावरात पऱ्हाटी पेटवतो," म्हणाला. "वरून धूर दिसंल. दिसला का उतर. तवरीक चिंधी हातातून सोडू नको अन् टोकावरून हालू नको. नाईतर सुटलेली बाई फिरून अडते म्हंतात."

आणि आता एकदाची गाठ सुटली. गोवर्धनला रडूच आलं. चिंधी मुठीत धरून तो कड्यापाशी गेला आणि खाली पाहू लागला.

खाली काळी जमीन उन्हात भाजत पडली होती. ज्यांचा कापूस विकून झाला होता, ते वेचणीनंतर उपटून रचलेली कपाशीची वाळकी झाडं, ती पऱ्हाटी, जाळत होते. इथं एक धूर, तिथं एक धूर. त्याला हवा होता तो एकच. आपलं वावर त्यानं दोन जुळ्या चिंचांवरून ओळखलं. तिथं धुराचा पत्ता नव्हता.

होईल, आता होईल, असं म्हणत तो बसून राहिला. कमरेला बांधून आणलेल्या भोपळ्यातलं पाणी संपलं. खडकानं तळव्यांना फोड आले. एकदा त्याला वाटलं, चिंचांपाशी काहीतरी हललं. ती वावटळ होती. इतकी माती उडते, मग धूर काय दिसणार नाही? म्हणजे ती अजून अडलेलीच आहे. आपण उठलो तर तिचं काय होईल, या भीतीनं त्यानं मांडीसुद्धा मोडली नाही.

"माय, सारा कापूस घेऊन जाय," तो देवीला म्हणाला. "घर उघडं पडू दे. पण तिले सोड."

उन्हं कलली. चिंचा नजरेला दिसेनाशा झाल्या, तेव्हा कुठं तो उठला. आता धूर केला तरी दिसणार नव्हता. चिंधी मनगटाला बांधून तो पळत, घसरत, ठेचकाळत उतरला.

गावात शिरला तेव्हा दिवे लागले होते. अंगणात बाया बसल्या होत्या आणि आतून तान्ह्याचं रडणं ऐकू येत होतं. गोवर्धनचा जीव भांड्यात पडला. मग उंबऱ्यात बसलेल्या गंगूबाईचं तोंड त्याला दिसलं.

"लेकरू भर दुपारी झालं," ती म्हणाली. "जमुना आत्ता गेली. रगत थांबलंच नाई."

तो बापाकडं वळला. "मंग धूर कावून नाई केला, बाबा?"

जानराव खांबाला धरून उभा होता. "गंजी हाय ना रे तिथं. वारा सुटला होता. एखांदी ठिणगी उडाली असती त…"

"तिनं डोये उघडले तसं पयलं हेच इचारलं," गंगूबाई म्हणाली. "धूर केला का म्हणून. तुहा बाप म्हणे, केला. मंग म्हणे, त्याईनं पाह्यला असंल, येतच असतीन. तवापासून दाराकडं पाहून राहिली होती."

त्या घरच्या माणसांना अग्नी आपल्याच वावरात देत. सकाळी चिंचांखाली लाकडं रचली. लाकडं कमी पडली, तेव्हा गोवर्धन पऱ्हाटीचे भारे एकट्यानं ओढून आणू लागला. जानरावानं एकदा मांडवाकडं पाहिलं, मग लेकाच्या तोंडाकडं, आणि तो बाजूला सरला. वाळलेली पऱ्हाटी ती. भडकायला वेळ लागला नाही. ठिणग्या उडाल्या आणि तिथंच विझल्या. मांडवातल्या कापसाला झळसुद्धा लागली नाही.

धूर चिंचांच्या वर सरळ आभाळात गेला. डोंगराच्या टोकावरून सहज दिसला असता.