घसरली

पडता पडता परीक्षितने हाताला लागलं ते धरलं. ती पुढून जाणाऱ्या एका लहान मुलीच्या लाल जॅकेटची पाठ होती. मुलगी तोंडावर पडली. तो तिच्या शेजारी कोसळला.

कॅनडात, रेजिना शहरातल्या त्या गोठलेल्या तळ्यावर तो महिनाभर दर रविवारी येत होता. त्याची आठ वर्षांची मुलगी ईशानी त्याला स्केटिंग शिकवत होती. नवशिकी मुलं तोल सांभाळायला प्लास्टिकची चौकट पुढे ढकलत जातात, तशीच एक धरून तो चालायचा. आज शेजारून तीन-चार वर्षांचं एक पोर तसलीच चौकट ढकलत त्याच्या पुढे निघून गेलं. चव्वेचाळीस वर्षांच्या परीक्षितला लाज वाटली आणि त्याने आपली चौकट काठावर नेऊन ठेवली. ईशानी म्हणाली होती, "बाबा, नॉट येट."

मुलीच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पण ओठ फुटला होता. बर्फावर रक्ताचे थेंब पडले. तिची आई तळ्याच्या दुसऱ्या टोकावरून वेगाने आली आणि गुडघ्यांवर बसली. मुलीला रडू आवरत नव्हतं, म्हणून आईने परीक्षितला विचारलं, काय झालं?

"घसरली," तो इंग्रजीत म्हणाला.

विचार करायच्या आधीच शब्द बाहेर पडला होता. बाईने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. तुम्ही थांबलात, थँक यू, असं ती दोनदा म्हणाली आणि मुलीला उचलून समोरच्या काठावरच्या बाकाकडे घेऊन गेली.

ईशानी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. तिने त्याला हात दिला, उठवलं, काठापर्यंत धरून आणलं.

काठावर बसून तो स्केट्सच्या नाड्या सोडायला लागला. उणे अठरा अंशांच्या थंडीत बोटं वळत नव्हती. एका पायाची गाठ कशीबशी सुटली. घरी आईला हे सांगायची गरज नाही, असं तो खाली बघतच म्हणाला.

"ओके," ईशानी म्हणाली. घरीदारी ती त्याला इंग्रजीतच उत्तरं द्यायची. आता तिने मराठीत विचारलं, "बाबा, तू खोटं का बोललास?"

तो उठला. एका स्केटच्या नाड्या सुटलेल्या, तसाच काठाकाठाने, भुसभुशीत बर्फात पाय रुतवत तो त्या बाकापर्यंत गेला.

बाई मुलीच्या ओठाला रुमालात गुंडाळलेला बर्फ लावत होती. परीक्षितने सांगितलं, ती घसरली नाही. माझा तोल गेला, मी तिला धरलं, माझ्यामुळे ती पडली. मघाशी मी खोटं बोललो.

बाईचा हात थांबला. तिने लगेच त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तिने सांगितलं मला," ती म्हणाली. "मीच तिला रागावले. म्हटलं, आपण पडलो की दुसऱ्याचं नाव सांगायचं नसतं. ते काका तुझ्यासाठी थांबले होते."

मग ती बाकावरून खाली उतरली, मुलीसमोर बर्फात बसली आणि तिचे हातमोजे घातलेले दोन्ही हात हातात घेऊन तिची माफी मागू लागली. माझं चुकलं, मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. परीक्षितही सॉरी म्हणाला. त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही.

मागून ईशानी आली होती. तिच्या हातात त्याचे बूट होते. आईच्या खांद्यावरून त्या मुलीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग परीक्षितकडे. ओठ सुजल्यामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं.

"हा तुझा डॅड आहे?" तिने ईशानीला विचारलं.

ईशानीने बूट छातीशी धरले. ती म्हणाली, "येस."