सरळ करंगळी

एक्स-रे उजेडासमोर धरून तरुण डॉक्टर चक्रावली. "आजोबा, पडलात मनगटावर, मग चार बोटं वाकडी कशी?" आजोबांच्या आधी आजींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "ती पूर्वीचीच आहेत. हे प्रांताच्या पहिल्या संघाचे विकेटकीपर. तेव्हाचे ग्लोव्हज म्हणजे नुसती कातडी, त्यामुळे अवघड झेल घेतला की एक बोट गेलंच. तर्जनी पहिल्याच सामन्यात मोडली. अंगठा मोडला, तरी सोमवारी टपाल कचेरीत शिक्के मारायला हजर. आमच्या लग्नाच्या फोटोतही ह्यांच्या हाताला पट्टी आहे!" आजोबा कॅलेंडरकडे बघत होते. डॉक्टरने करंगळी हलवून पाहिली. "ही मात्र सरळ राहिली. नशीबवान आहात!" आजी एकदम नाकावरचा चष्मा पिशवीत शोधू लागल्या. शेवटच्या सामन्याचा विषय घरात कधी निघत नसे. करंगळी सोडवून घेत आजोबा म्हणाले, "तो झेल सुटला."