समुद्राकडची वाट

“ह्या दगडाला गलबतं बांधायची,” असं सांगून बाई, पाहणीला आलेल्या सरकारी साहेबांना दगड नीट दिसावा म्हणून, बाजूला सरकल्या.

साहेबांनी दगडाकडे ओझरतं पाहिलं आणि ते शेजारच्या घराची भिंत न्याहाळू लागले. बाईंना ते मुळीच आवडलं नाही. सारा जन्म शाळेत गेल्यामुळे समोरच्याचं लक्ष नाही हे त्यांना पाठ फिरवूनही कळायचं.

गावात त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. अर्ध्या गावाचे कान त्यांनी स्वतः पिळले होते. सरकारने किनाऱ्यावरच्या वारसा मार्गासाठी निधी जाहीर केला, तेव्हा पंचायत अजून सभेची तारीखच ठरवत होती आणि बाईंचा नकाशा तयार होता. जुन्या धक्क्यापासून दीपगृहापर्यंत उंच दगडी वाट, मधे ऐतिहासिक थांबे. निधी एकाच गावाला मिळणार होता. खाडीपलीकडच्या गावाकडे अख्खा किल्ला होता. ह्या गावाकडे बाई होत्या, आणि तेवढं पुरेसं आहे असं बाईंचं प्रामाणिक मत होतं.

नकार मात्र परवडणारा नव्हता. मुलाने स्पष्ट सांगितलं होतं, की यंदा हा मार्ग झाला नाही तर तो बायको-मुलांना घेऊन शहरात राहायला जाणार. सून काही बोलली नव्हती, पण मुलांची वह्या-पुस्तकं तिने बांधून ठेवली होती. नातवंडांशिवायचं घर डोळ्यांपुढे आलं की बाई पदर खोचायच्या. मग त्या पुन्हा नकाशा काढून बसायच्या.

पाहणीला त्यांच्याबरोबर त्यांचे दीर होते. होड्या बांधण्यात हयात गेलेला माणूस, पण जीभ सैल. “भाऊजी, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही,” असं बाईंनी निघतानाच बजावलं होतं. पण धक्क्याजवळ भाऊजींनी विहीर दोनशे वर्षांची असल्याचं सांगून टाकलं, आणि प्रत्यक्ष विहिरीशी पोचेपर्यंत ती पाचशे वर्षांची झाली.

“थापा मारायच्या तर एका शतकात तरी मारा,” बाई दातओठ खात पुटपुटल्या.

साहेब मिशीतल्या मिशीत हसले. पुढे वाकलेल्या झाडाशी बाईंनी घाईघाईने सूत्रं हातात घेतली. गलबतांची वाट बघत बायका ह्याच झाडाखाली बसायच्या, असं त्यांनी वर्गात सांगावं तसं रंगवून सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि झाड सोडून त्याची उघडी पडलेली मुळं पाहिली.

मग त्यांनी नकाशा उघडला.

“घरांच्या मागून गल्ली आहे की,” ते म्हणाले. “सावली आहे, सरळ आहे. निम्म्या खर्चात होईल. समुद्राच्या बाजूने कशाला?”

“साहेब, वारसा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. पाहुण्यांना त्याच्या पाठीमागून नेऊन कसं चालेल?”

“आणि वाट एवढी उंच?”

“उंचावरून गलबतं लवकर दिसायची.”

“अशी वाट पूर्वी होती?”

भाऊजींनी तोंड उघडलं. बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तसं त्यांनी ते मिटलं.

“खाली दगड सापडतात,” बाई म्हणाल्या. ते खरं होतं. दगड कुठे सापडत नाहीत?

चहाला त्यांनी साहेबांना घरी नेलं. साहेब बैठकीत टेकायच्या आधीच स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. भिंतीचे पोपडे कमरेपर्यंत सुटले होते. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं पांढरं पाहिलं.

“रंग द्यायचा राहिलाय,” बाई घाईने म्हणाल्या.

साहेबांनी सुनेला विचारलं, की ओटा इतका उंच का बांधलाय. तिने चहा गाळता गाळता सासूकडे पाहिलं.

“सासूबाई उंच आहेत ना,” ती म्हणाली.

बाई जेमतेम तिच्या खांद्याला लागत होत्या. साहेबांनी एकदा बाईंकडे, एकदा ओट्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने चहा घेतला.

निरोप द्यायला बाई गाडीपर्यंत गेल्या. पाहणी चांगली झाली असं त्यांनी स्वतःला बजावलं. झाड छान जमलं होतं, विहिरीचं सावरून नेलं होतं. किल्ल्यात काय असतं, नुसत्या भिंतीच. तरीही साहेबांनी गाडीवर नकाशा पसरून पेनाचं टोपण काढलं, तेव्हा बाई टाचा उंचावून कागदात डोकावल्या. परीक्षेला बसलेल्या मुलांना काय वाटत असेल, ते त्यांना आज पहिल्यांदाच कळत होतं.

साहेबांनी धक्क्यापासून दीपगृहापर्यंतच्या रेघेवरून सावकाश पेन फिरवलं.

“निधी तुम्हालाच मिळेल,” ते म्हणाले. “जुन्या दगडांसाठी सरकारकडे पैसे आहेत, माणसांच्या घरांसाठी नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण बाई, उंची अजून दोन फुटांनी वाढवा. एवढ्याशा बांधाला समुद्र जुमानायचा नाही.”