तोएसुलु नावाची माणसं

पहिला दगड म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसला. दुसरा चुकला. तिसरा अपेलुने स्वतः मारला. तो चटईखाली नेमका कुठे लागला ते कुणाला दिसलं नाही. नारळ फुटल्यासारखा आवाज तेवढा आला.

चटई एका बाजूला कलली आणि पुन्हा सरळ झाली.

उजाडल्यापासून ती दोघं अपेलुच्या अंगणात बसून होती. फिलेमोनी म्हातारा आणि त्याची मुलगी तुसिपा. दोघांच्या डोक्यावरून एकच बारीक विणीची चटई. पुढ्यात जळणाची मोळी आणि चुलीचे दगड, तेही त्यांनीच आणलेले. आम्हाला भाजून खा, पण वैर इथंच संपवा, असं सांगायची बेटावरची ही रीत होती. परवा फिलेमोनीच्या नातवाने अपेलुच्या थोरल्या मुलाला कोयत्याने ठार मारलं होतं. हद्दीवरच्या एका नीरफणसाच्या झाडापायी. नातू पोलिसांच्या कोठडीत होता. त्याचं काय करायचं ते कोर्ट बघणार होतं. घराण्याचं काय करायचं ते अपेलुने ठरवायचं होतं. त्याने आपल्या हाताने चटई उचलली की माफी झाली. तोवर खाली बसलेल्यांनी उठायचं नाही, बोलायचं नाही, पडायचंही नाही.

"दोघंच?" अपेलुचा धाकटा मुलगा पेनी ओरडला. "माफी मागायला लोक शंभर माणसं आणतात. तुमच्यात एवढीच शिल्लक का?"

"तिसरा कोठडीत आहे ना," कुणीतरी म्हणालं. हसू फुटलं आणि लगेच दबलं. अपेलुच्या घराला भिंती नव्हत्या. खांबांच्या मधोमध थोरल्या पोराचं प्रेत सगळ्यांना दिसत होतं.

पण पेनी म्हणाला ते खरं होतं. बेटावर दुसरी नावं लावणारी माणसं हजारांनी होती. तोएसुलु तिघंच.

अपेलु कोयता घेऊन अंगणात उतरला. "म्हाताऱ्या, हे नाव तुम्हाला कुणी दिलं ते सांग की सगळ्यांना. नाही सांगवत? मग मी सांगतो. माझ्या पणजोबाने दिलं. तुमचं अख्खं घराणं त्याने एका सकाळी कापून काढलं. एक पोर तेवढं सोडलं, विझलेली मशाल हातात धरून उभं होतं ते. त्याला म्हणाला, तू तोएसुलु. उरलेली मशाल. आम्ही दया केली म्हणून तुमचं नाव आहे. आणि त्याची फेड ही?"

"दया कसली?" आतून अपेलुची आई सिनालेई म्हणाली. ती मेलेल्या नातवाच्या तोंडावरच्या माशा पंख्याने वारत बसली होती. "माझ्या सासूने सांगितलंय मला. कापून कापून हात दमले होते त्यांचे. शेवटचं राहिलं, राहू दिलं."

"आई, तू गप्प बस."

"बसते."

अपेलुने दोन्ही हातांनी कोयता डोक्यावर नेला. चटईखाली काहीच हललं नाही. गावाच्या वतीने बोलणारा वक्ता आपल्या काठीवर रेलून उभा होता, त्याने मान दुसरीकडे वळवली.

"अरे, चटई फाडशील!" सिनालेई केवढ्यांदा ओरडली. "ती विणता विणता चार बायकांचे डोळे गेलेत. आधी ती उचल बाजूला. मग मार, काय मारायचं ते."

रागाच्या भरात त्याने चटईचं टोक धरलं आणि हिसडा देऊन ती उचलली.

वक्त्याने क्षणही दवडला नाही. काठी जमिनीवर आपटून त्याने सुरू केलं, "अपेलुने चटई उचलली! देवाचे आभार, या घराचे आभार..." बायका मोठ्याने रडायला लागल्या. चटई अपेलुच्या हातात लोंबत होती.

"आई!" तो म्हणाला.

"काय? मी चटईचं बोलले."

त्याने कोयता खाली केला. मग खाली न बघताच तुसिपाला म्हणाला, "उठव त्याला. झालं. घेऊन जा घरी."

तुसिपा उठली नाही. तिने दोन्ही हात बापाच्या कमरेभोवती घट्ट आवळले होते आणि पाठीला आपली छाती लावून त्याला ताठ बसतं ठेवलं होतं. फिलेमोनीचं डोकं तिच्या खांद्यावर मागे पडलं होतं. एका बाजूचं कानशील आत गेलं होतं. तिच्या मानेवर ओघळलेलं रक्त गोठायला लागलं होतं.

"उठणार नाहीत ते," ती म्हणाली.

वक्ता बोलायचा थांबला.

"केव्हा?" अपेलुने विचारलं.

"मघाशीच. तिसऱ्या दगडाला."

"माझा पहिला होता," पेनी घाईघाईने म्हणाला. "खांद्याला लागलेला. सगळ्यांनी बघितलंय." सिनालेईच्या हातातला पंखा थांबला होता.

अपेलुने कोयता जळणाच्या मोळीवर ठेवला. चुलीच्या उरलेल्या दगडांपैकी दोन उचलून आपल्या पुढ्यात मांडले. मग तो तुसिपासमोर मातीत मांडी घालून बसला आणि ती चटई त्याने आपल्या डोक्यावरून ओढून घेतली. पेनी बापाला उठवायला पुढे धावला, तसा वक्त्याने काठी आडवी धरली.

"तुझ्या हाताने नाही चालायचं," तो म्हणाला.

आता ती चटई उचलू शकेल असं अंगणात एकच माणूस होतं. तुसिपाने चटईकडे पाहिलं. बापाच्या कमरेभोवतीचे हात तिने सोडले नाहीत.