लाल ठिपका

चंदरनं डिस्ट्रिब्युटरचं झाकण उचललं आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच थांबला.

"ताई, हे पॉइंट कोण घासायचं?"

"घरीच व्हायचं ते," करिष्मा म्हणाली.

"चाळीस वर्षांचा पेट्रोल ट्रक आणि पॉइंट आरशासारखे. अख्ख्या कॅम्प पाचमध्ये असा हात मिळणार नाही. कसम से."

"आमच्याकडेही नाही आता. कालच बारावं झालं."

चंदरनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ट्रकच्या दारावर पिवळ्या रंगात नाव होतं, हरिचंद्र. त्याखाली बारवी धरणाजवळच्या गावाचं नाव, निम्मं उडालेलं.

"हरिचंद्रशेठ म्हणजे वडील?"

"हो."

तो गॅरेजच्या आत गेला. देवाच्या फोटोच्या हारातलं झेंडूचं एक फूल तोडून आणलं, दाराच्या कडीत नावाच्या बरोबर वर खोचलं आणि हात जोडले. करिष्मा काहीतरी बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. अमितचा, तिच्या भावाचा.

"काय झालं?"

"आत्ता तर उघडलंय."

"बघ हां. चारला मी निघनार. चालू झाला तर ड्रायव्हरला घेऊन येतो, नाय तर भंगारवाल्याला. परत शेडमध्ये उभा नाय करायचा. मला बघवत नाय."

"अरे पण..."

त्यानं फोन ठेवला होता. चंदर तोवर कामाला लागला होता.

जुन्या पॉइंटच्या दोन इवल्या पट्ट्या उघडमीट करायच्या तेव्हा प्लगला ठिणगी मिळायची. मधली फट केसभर हलली की ट्रक अडायचा. मग घासा, पुन्हा फट लावा. त्यांच्या जागी तो बसवत होता त्या नव्या इलेक्ट्रॉनिक किटमध्ये फटच नव्हती. एक चुंबकाची कडी, एक काळी डबी, दोन वायरी. कुणाच्या हाताची गरज नाही.

करिष्मानं घरून आणलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्याच्यापुढे सरकवला. त्यात पाने, पॉलिश पेपर आणि जाड कार्डाचा एक तुकडा होता. कार्डावर ओळीनं टिकलीएवढे गोल, फिकट डाग.

"यानं फट मोजायचे? गेज नव्हता?"

"यानंच."

"काय आहे, लग्नपत्रिका?"

"नाही." तिनं तुकडा परत डब्यात ठेवला.

"आणि आता चालवणार कोण?"

"ड्रायव्हर आहे."

"नवा?"

"जुनाच."

"मग त्याला पॉइंटचं थोडं तरी येत असेल."

"बॉनेट उघडलं की बाजूला जाऊन तंबाखू मळायची, एवढंच येतं."

चंदर हसला. "म्हणजे प्रत्येक खेपेला उस्ताद बाजूच्या सीटवर?"

"प्रत्येक खेपेला. भाताच्या गोणी असोत नाही तर पेंढा."

"जोडी होती म्हणा."

"हो. जोडीच."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "बारा दिवस ड्रायव्हर पडवीतून हललेला नाही. फार तर ट्रकशेजारी जाऊन नुसतं उभं राहायचं आणि परत फिरायचं. हा भंगारात गेला ना चंदरभाई, तर तेवढंही बंद होईल."

चंदरनं जुने पॉइंट कापडात गुंडाळून तिच्या हातात दिले. साडेतीनला त्यानं सेल्फ मारला. इंजिन खोकलं, सायलेन्सरमधून बार उडाला, समोरच्या शिलाईच्या दुकानातून कुणीतरी शिवी हासडली. दुसऱ्यांदाही तेच.

"किट ठीक आहे, ठिणगीपण आहे," तो घाम पुसत म्हणाला. "टायमिंग कंपनीच्या खुणेवर लावलंय. पण हा ट्रकच नाही म्हणतोय."

चारला दहा मिनिटं कमी होती. करिष्मा गुडघ्यांवर बसली आणि इंजिनाच्या पुढच्या चाकाकडे पाहू लागली. लहानपणी ती इथंच टॉर्च धरून उभी राहायची. टॉर्च हलला की डोक्यात टपली बसायची, आणि मग तेच वाक्य. *कापलेली खून खोटी बोलते. लाल बघ.*

तिनं रॉकेलचं फडकं घेऊन चाकाची कड पुसली. काळा मेणचट थर निघाला. कंपनीच्या खाचेपासून दोन बोटं पुढे डाळीएवढा लाल ठिपका होता.

"याला लावा."

"ताई, कंपनीची खूण ही आहे."

"ती कड सरकलीय. खोटी खूण आहे. याला लावा."

चंदरनं तिच्याकडे पाहिलं, मग ठिपक्याकडे. डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला आणि सेल्फ मारला.

ट्रक पहिल्याच झटक्याला बोलला. एकसुरी, निवांत, घरी आल्यासारखा.

करिष्मानं फोन लावला. इंजिनाच्या आवाजात ती जवळजवळ ओरडलीच. "अमित, ड्रायव्हरला आण!"

तासाभरानं अमितची बाईक गॅरेजसमोर थांबली. मागून एक म्हातारा उतरला. दाढीचे खुंट वाढलेले, शर्ट मात्र इस्त्रीचा. बॉनेट अजून उघडंच होतं, इंजिनही चालूच. त्यानं बाजूला होऊन खिशातून चुना काढला, तंबाखू मळायला घेतली, आणि दाराकडे पाहून थांबला.

"ये फूल कोनी खोचलंय माझे नावावर? मी जिता हाय ना अजून!"

अमित हसला. बारा दिवसांत पहिल्यांदाच.

चंदर लाजेनं लाल झाला. "शेठ, माफी. मला वाटलं... पण मग ते पॉइंट? आणि हा लाल रंग? रॉकेलनंपण निघाला नाही. कुठला आहे?"

हरिचंद्र वाकले. चालत्या चाकावर तो ठिपका दिसत नव्हता, नुसती एक लाल रेघ फिरत होती. ते त्या रेघेकडे पाहत राहिले.

"नखपॉलिश हाय ती," ते म्हणाले. "हिचे आयशीची."