राणीची ओटी

"तीन हजार वर्षांपूर्वी मेलेली इजिप्तची राणी! बघा, पण हात लावू नका!" जत्रेतल्या तंबूत लहानू माईकवर ओरडत होता. पेटीत अंगभर पट्ट्या गुंडाळून त्याची बायको अनसा निपचित पडली होती.

सहावा महिना लागला तरी तिच्या पोटातलं बाळ हललं नव्हतं. आधीची दोन पोटातच गेली होती, त्यामुळे नवराबायको बाळाचा विषयच काढत नसत.

रांगेतली एक म्हातारी पेटीशी थांबली. "मेली म्हणून काय झालं? परमुलखातली लेक आहे, रिकामी कशी पाठवायची?" असं म्हणत तिनं देवीसाठी आणलेल्या खणानारळानं राणीची ओटी भरली. नारळ पोटावरच ठेवला.

तेवढ्यात आतून लाथ बसली. अनसाला भास वाटला. दुसरी जोरात बसली, तशी राणी खुदकन हसली आणि नारळ गडगडत खाली गेला. किंकाळ्या फोडत गर्दी तंबूबाहेर पळाली.

"अगं, खेळाचा पार विचका केलास!" लहानू धावत आला. तिनं त्याचा हात पोटावर ठेवला.

दुसऱ्या हातातला माईक चालूच होता. सगळ्या जत्रेला कर्ण्यातून आधी हुंदका ऐकू आला, आणि मग आवाज, "अनसे, हलतंय गं!"